एकाच घरातले दोन अर्ज

सोमवार, ४ मार्च

आज निधी समितीचं पत्र आलं. घरात मार खाणाऱ्या, जबरदस्ती सोसणाऱ्या बायकांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्या घरच्या रीती जाणणाऱ्या माणसांकडून मदत मिळावी म्हणून नवा निधी. दर भाषेला एकच संस्था, तीन वर्षांसाठी.

अकरा वर्षं मी या पत्राची वाट बघितली. आपल्या भाषेतलं असं काम या परक्या शहरात कोण करतं? मी. कपडे धुण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक फोन, मी आणि निवृत्त झालेल्या नर्सबाई. खालच्या मशीनच्या धडधडीने आमचे कप बशीत नाचतात, तरी एक दिवस फोन बंद ठेवला नाही.

मी नर्सबाईंना म्हटलं, "उशिरा का होईना, देव पावला."

त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "दुसरं पान वाचलंत का?"

दुसऱ्या पानावर अर्जदारांची यादी होती. आपल्या भाषेपुढे दोन संस्था. दुसरी धाकटीची.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, भावजींची बायको. चौदा महिन्यांपूर्वी मुलीला घेऊन घर सोडून गेली. का गेली ते तिने सांगितलं नाही आणि उगाच तमाशा नको म्हणून आम्ही कोणी विचारलं नाही. त्याआधी तीन वर्षं माझ्याच खोलीत, माझ्याच फोनवर, मंगळवारी आणि शुक्रवारी बसायची. फोन कसा उचलायचा इथपासून मी शिकवलं. आता तिची संस्था! गुरूची विद्या गुरूला फळली म्हणायची.

बुधवार, ६ मार्च

तिच्या संस्थेचं माहितीपत्रक मिळवलं. कागद चांगला आहे. अक्षर मोठं. फोटो एकही नाही. आमच्या पत्रकावर माझा फोटो आहे, बायकांना विश्वास वाटावा म्हणून.

नर्सबाईंना सहज विचारलं, तिच्याकडे फोन बरे येतात का? म्हणाल्या, "ऐकते तरी असं, की आपल्यापेक्षा जास्त."

"का पण? मला तर सगळे ओळखतात! निम्म्या घरांत माझं येणंजाणं आहे."

"हो ना," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्हाला सगळे ओळखतात."

मग मी तेच तर म्हणत होते. पण त्यांनी असा सुस्कारा का टाकला कळलं नाही. वय झालंय त्यांचं.

रविवार, १० मार्च

भावजी जेवायला आले. धाकटी गेल्यापासून दर रविवारी येतात. येताना फळं आणतात, आज न सांगता स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला. हे पेपरात तोंड घालून बसले होते, भावाशी दोन शब्द बोलतील तर शपथ. मलाच गप्पा माराव्या लागतात.

भावजींचा स्वभाव तापट, हे मान्य. धाकटीच म्हणायची पूर्वी, "आज जरा तापलेत, ताई, मी निघते लवकर." पण मनाने लोणी. मुलीचं नाव निघालं की डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. आज म्हणाले, "वहिनी, ती माझ्याबद्दल लोकांना काय सांगत असेल हो?"

मी म्हटलं, "काही का सांगेना, आम्ही ओळखत नाही का तुम्हाला?"

अशा माणसाला टाकून जायचं, आणि वर दुसऱ्यांचे संसार सावरायची संस्था काढायची. आपलं ठेवायचं झाकून!

मंगळवार, १२ मार्च

आज समितीपुढे दोघींनी आपापलं म्हणणं मांडलं. लांबट खोली, गोल टेबल, मधे पाण्याचे जग. समितीच्या प्रमुख बाई केस पांढरे झालेल्या, बोलतात कमी, लिहितात फार.

माझं वीस मिनिटं झालं. छान झालं. बाईंनी एकच प्रश्न विचारला, "अकरा वर्षांत तुमच्या नात्यातल्या, जवळच्या ओळखीतल्या किती बायका तुमच्याकडे मदतीला आल्या?"

मी मान ताठ करून सांगितलं, "एकही नाही. देवाच्या दयेने आमची सगळी घरं चांगली आहेत."

बाईंनी ते लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होत्या.

मग धाकटी उठली. साधे कपडे, हातात कागद नाही. आणि सुरुवातच केली माझ्या उदाहरणाने! माझ्या! पहिल्याच वर्षी एक बाई सरकारी दवाखान्यात म्हणाली होती, "त्यांनी माझ्यावर हात टाकला." दुभाष्याने भाषांतर केलं, "नवऱ्याने तिच्या अंगावर हात ठेवला." डॉक्टर म्हणाले, मग बरंच आहे की, आणि पाठवली घरी. आठ दिवसांनी परत आली ती स्ट्रेचरवरून. ही गोष्ट मी धाकटीला पहिल्याच दिवशी सांगितली होती. तिने ती अशी सांगितली की टेबलाभोवती कोणी पाण्याला हात लावेना.

पुढे म्हणाली, "आपल्या बायका 'मारलं' असं म्हणतच नाहीत. जिन्यात पाय घसरला म्हणतात. आज घरी लवकर जायला हवं म्हणतात. ऐकणाऱ्याला भाषा येऊन भागत नाही. ऐकायची तयारी लागते."

एवढं बोलली, पण माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. काय हा ताठा! आणि मला मात्र सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवाव्या लागल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मंगळवार, १९ मार्च

समितीने ठरवलंय, दोन्ही अर्जदारांनी एकमेकींचं काम बघायचं आणि अभिप्राय द्यायचा. आज मी तिच्याकडे गेले. पत्ता कागदावर मिळत नाही. फोनवर एकदाच सांगतात, आणि आधी सही घेतात की कोणाला सांगणार नाही. केवढं प्रस्थ!

गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेच्या मागच्या अंगाला एक करडं दार. पाटी नाही, नुसती घंटा. आत तीन खोल्या. (आमच्या दोन.) फोनच्या खोलीला जाड पडदे, आवाज बाहेर जात नाही. मुलांसाठी वेगळी खोली, तिथे माझी पुतणी चित्र काढत बसली होती. मला बघून आधी दाराकडे बघितलं, मी एकटीच आहे अशी खात्री केली आणि मग हसली. वळण काही लावलेलं नाही.

आतल्या खोलीत एक बाई कोणाशी तरी बोलताना मोठ्याने हसली. अकरा वर्षांत माझ्या खोलीत कोणी हसल्याचं आठवत नाही. माझ्याकडे बायका रडतात. मला वाटायचं तेच काम.

धाकटीने चहा दिला. कप पुढे करताना तिच्या हनुवटीखालचा व्रण दिसला. जिन्यात पडली होती तेव्हाचा, तीन टाके. आता फिकट झालाय. बरी दिसते हल्ली. अंगाने थोडी भरलीय. घर सोडलेली बाई सुकायला हवी की नाही?

निघताना दारापर्यंत आली. "ताई, पत्ता कोणाला सांगू नका. घरीसुद्धा."

"मला शिकवतेस?" मी म्हटलं.

"नाही, ताई. हात जोडून सांगतेय."

रस्ताभर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

शुक्रवार, २२ मार्च

अभिप्राय लिहिला. चार मसुदे फाडले. पाचव्यात असं लिहिलं: "अर्जदार कष्टाळू आहेत, परंतु अनुभव कमी. स्वतःचं घर त्यांनी कोणतंही सबळ कारण नसताना सोडलं. त्यांचे पती सज्जन असून मी त्यांना वीस वर्षं ओळखते. अशा अस्थिर परिस्थितीतील व्यक्तीवर समाजाचा विश्वास बसणं कठीण."

टाकताना पाकीट पेटीच्या तोंडाशी जरा अडलं. ढकललं.

रविवार, २४ मार्च

भावजी आले. पुढच्या आठवड्यात पोरीचा वाढदिवस. तिच्यासाठी रंगांची मोठी पेटी घेतलीय, ती दाखवायला आणली होती. "देऊ कुठे, वहिनी? बापाला पत्ता नाही लेकीचा." हे उठून गॅलरीत गेले.

मी पत्ता मुळीच सांगितला नाही. तेवढं कळतं मला. फक्त हसण्यावारी म्हटलं, "हिला स्वतःला गाडी चालवता येत नाही, आणि दुकान थाटलंय गाडी शिकवणाऱ्यांच्या पाठीमागे!" भावजीही हसले. मग पुष्कळ जेवले.

शहरात अशा शाळा काय कमी आहेत?

गुरुवार, २८ मार्च

दुपारी नर्सबाईंचा फोन आला. भावजी तिथे गेले. "पार्सल आहे" म्हणून घंटा वाजवली, हातात रंगांची पेटी होती म्हणून तिथे कामाला असलेल्या मुलीने दार उघडलं. धाकटीला केसांना धरून फरफटत दाराबाहेर आणलं. पुतणी आत किंचाळत होती. आश्रयाला असलेल्या एका बाईला वाटलं, आपलाच नवरा आला. तिने मागच्या खिडकीतून उडी टाकली. पायाचं हाड मोडलं. शेवटी शाळेचे दोन शिक्षक धावत आले आणि त्यांनी भावजींना पोलीस येईपर्यंत धरून ठेवलं. धाकटीचं मनगट मोडलंय.

खोटं लिहायला डायरी कशाला, म्हणून लिहिते. हे ऐकल्यावर माझ्या मनात सगळ्यांत आधी जे आलं ते असं: आता निधी तिला मिळत नाही.

मग मी खुर्चीत बसले.

शुक्रवार, २९ मार्च

सकाळी ह्यांना म्हटलं, "भावजी असं करतील असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं."

ह्यांचा चहा गार झाला. मग म्हणाले, "मला वाटलं होतं."

"म्हणजे?"

"दोन वर्षांपूर्वी एकदा अचानक गेलो होतो त्यांच्याकडे. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, हा समोर उभा. ओठातून रक्त. मला बघून म्हणाली, डबा पडला, तो शोधतेय."

"मग?"

"मग चहा घेतला आणि आलो."

"मला सांगितलं का नाही?"

माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, जसं काही मी खुळ्यासारखं विचारलंय. "तुझ्याकडे येतच होती की ती आठवड्यातून दोनदा. मला वाटलं, तू बघतेयस. हेच तर तुझं काम."

कपाटातून गेल्या चार वर्षांच्या डायऱ्या काढल्या. मीच लिहिलंय सगळं, माझ्याच अक्षरात. *धाकटी आज लवकर गेली, भावजी जेवायचे थांबलेत. धाकटी उन्हाळ्यातही लांब बाह्या घालते, फॅशन म्हणे. धाकटी जिन्यात पडली, बावळटच आहे. धाकटीला हाक मारली तर दचकते, लक्ष नसतं कामात.* दुसऱ्या कोणा बाईबद्दल हे वाचलं असतं तर पहिल्या पानावर ओळखलं असतं.

वाचता वाचता मला तिचा राग येत होता, हेही खरं. मला का नाही सांगितलंस? परक्यांना सांगितलंस, आणि मला नाही?

सोमवार, १ एप्रिल

समितीने तातडीची बैठक बोलावली. धाकटी आली होती, हात गळ्यात बांधलेला. जागेचा पत्ता फुटला कसा, हाच प्रश्न. ज्या संस्थेला स्वतःची जागा गुप्त ठेवता येत नाही तिला निधी द्यायचा कसा, असं एका सदस्याने विचारलं. गैर काही नव्हतं त्यात.

प्रमुख बाईंनी धाकटीला विचारलं, "बाहेरच्या कोणाला पत्ता माहीत होता?"

तिला उत्तर माहीत होतं. बाहेरची मी एकटीच होते. ती टेबलाकडे बघत म्हणाली, "खात्री नसताना मी कोणाचं नाव घेणार नाही."

मी गप्प बसले असते तर चाललं असतं. निधी माझ्याकडे आला असता. तीन वर्षं, नवी जागा, पगारी माणसं. एक मिनिट मी खरंच गप्प बसले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरताना बघितला.

मग म्हटलं, "मी सांगितलं. पत्ता नाही सांगितला, पण सापडेल एवढं सांगितलं. जेवताना, थट्टेत. तो माझा दीर आहे."

प्रमुख बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आणि माझा अभिप्राय परत द्या. त्यातलं एकही वाक्य खरं नाही. म्हणजे, कष्टाळू आहेत एवढं खरं आहे."

प्रमुख बाईंनी विचारलं, "का सांगितलंत?"

मी म्हटलं, "तिच्याकडे तीन खोल्या आहेत."

ऐकताना केवढं क्षुद्र वाटलं. पण कारण तेवढंच होतं.

गुरुवार, ४ एप्रिल

पाय मोडलेल्या बाईला बघायला दवाखान्यात गेले. तिने मला भेटायला नकार दिला. बरोबर आहे. बाहेर बाकावर धाकटी बसलेली होती. मी शेजारी बसले नाही, समोर उभी राहिले.

"मला एकदा तरी सांगायचंस," मी म्हटलं. माफी मागायला गेले होते, आणि तोंडातून निघालं हे.

ती शांतपणे म्हणाली, "ताई, मी तुमच्याकडे तीन वर्षं मंगळवार-शुक्रवार येऊन बसले. मला फोन उचलायची हौस होती का?"

तिने गळ्यात बांधलेला हात सावरला.

"रोज वाटायचं, आज ताई विचारतील. दुसऱ्या बायकांना तुम्ही किती छान विचारायचात. मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकायचे. एकदा तर टाके घालून तशीच आले. तुम्ही म्हणालात, बघून चालत जा."

"मला कळलं नाही."

"तुम्हाला कळायला नको होतं," ती म्हणाली. "तुमच्या जागी मला कळलं असतं, तर मलाही त्यांच्यासाठी रविवारी स्वयंपाक करणं अवघड गेलं असतं."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर सुचलं असतं.

मी विचारलं, "मी काय करू?"

"तुमच्याकडे बायका येतात, त्यांना आमचा नंबर द्या. आणि तुम्ही आमच्याकडे येऊ नका. निदान सध्या."

रविवार, ७ एप्रिल

भावजींची जामिनावर सुटका झाली. धाकटीच्या आसपास फिरकायचं नाही अशी अट आहे. बाराला घंटा वाजली. दारात फळांची पिशवी घेऊन उभे. "वहिनी, तुम्हीच सांगा, बापाने लेकीला भेटायला जाऊ नये?"

हे माझ्यामागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आत घेतात आता भावाला. ह्यांनी दार धरलं, आणि म्हणाले, "आज जेवण नाही केलेलं."

केलं होतं. वास जिन्यापर्यंत जात होता. भावजींनी एकदा वास घेतला, एकदा भावाकडे बघितलं आणि पिशवी तिथेच ठेवून गेले.

आम्ही दोघं जेवलो. हे मधेच रडले. धाकटा भाऊ आहे, कडेवर खेळवलेला. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवला.

मंगळवार, १६ एप्रिल

निर्णय आला. निधी धाकटीला. नवी जागा शोधायला महिनाभराची मुदतही दिली. आम्हाला नाकारल्याचं पत्र तीन ओळींचं. नर्सबाई म्हणाल्या, "मी तिकडे जाईन म्हणते, आठवड्यातून दोन दिवस. रागावणार नाही ना?"

"मी कशाला रागावू?"

रागावले. कपाट आवरण्याच्या निमित्ताने तासभर आतल्या खोलीत बसले. तिला जागा मिळाली, निधी मिळाला, लोक मिळाले, आता नर्सबाईही. माझी पुतणीसुद्धा तिच्याकडे हसते. हे सगळं तिला मिळायलाच हवं, हे मला पटलंय. पटल्याने जळजळ कमी होते असं कोणी सांगितलं?

मंगळवार, ३० एप्रिल

आज आमचा फोन बंद केला. आता त्या नंबरवर कोणी फोन केला तर तो तिच्या ऑफिसात वाजतो. करून बघितला. दुसऱ्याच घंटेला उचलला. मी काही न बोलता ठेवणार होते, तेवढ्यात पलीकडून एक आवाज म्हणाला, "बोलायची घाई नाही. मी आहे इथे." मी थोडा वेळ कानाला लावून उभी राहिले. मग ठेवला.

शुक्रवार, ३ मे

पोलीस ठाण्यात जबाब द्यायला गेले. हे नको म्हणत होते. "पत्ता तू सांगितलास हे कागदावर येईल," म्हणाले. "समितीपुढे बोललीस तेवढं पुरे नाही का?" सकाळपासून आमचं बोलणं नाही. पण जाताना छत्री हातात आणून दिली.

मला इथली भाषा येते, पण जबाब आपल्या भाषेत द्यायचा हक्क आहे, तो मी मागितला. अकरा वर्षं बायकांना सांगत आले, मागा म्हणून. दुभाषी मुलगी धाकटीच्या संस्थेतली निघाली. निधीतून नेमलेली पहिलीच. बावीस-तेवीसची असेल, नखं कुरतडलेली. मी मनात म्हटलं, बघू या.

लेखनिकाने विचारलं, तक्रारदार तुमची कोण? मी म्हटलं, "जाऊ." इथल्या भाषेत त्याला शब्द नाही. मुलगी अडखळली नाही. तिने सांगितलं, दोघी एकाच घरात सून म्हणून आलेल्या, ही थोरली आणि ती धाकटी, आणि धाकटीने अडचणीत आधी थोरलीकडे बघायचं असतं. लेखनिकाने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं.

मग मी सगळं सांगितलं. डायऱ्यांतलं, जिन्याचं, टाक्यांचं, रविवारच्या जेवणाचं. एकेक वाक्य मी बोलायची आणि माझं वाक्य तिच्या तोंडून परक्या भाषेत पुन्हा ऐकायची. तिने कुठेही सौम्य केलं नाही, वाढवलंही नाही. "मी मत्सरापोटी सांगितलं" असं मी म्हटलं, तेव्हा वाटलं, इथे तरी ही बिचकेल, 'चुकून' म्हणेल. ती मत्सरच म्हणाली.

सव्वा तास चाललं. मी कान देऊन ऐकत होते. एकही शब्द सुटला नाही. मला शोधूनही तिची चूक सापडली नाही, आणि मी शेवटपर्यंत शोधत होते.